आधी उतार, मग चढ : लोणारच्या विवरात

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेलेले बहुतेक लोक तिथलं विवर आणि सरोवर वरूनच पाहून येतात. काठावरून फोटो, गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली हातपाय ओले, आणि गाडी पुढे शेगावला. पुढची माहिती मात्र आत उतरणाऱ्यांसाठी आहे. त्यातही मुंबईतल्या माहुल-चेंबूरकडून शुक्रवारी रात्री पाठपिशवी घेऊन निघणाऱ्या आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हावं लागणाऱ्या मंडळींसाठी.

पहिली गोष्ट सवयीची. सह्याद्रीत आपण आधी चढतो. दम लागला की खिंडीत बसतो, फारच झालं तर तिथूनच मागे फिरतो, आणि मागे फिरलं की उतार आपल्या बाजूने असतो. लोणारला हा हिशोब उलटा होतो. सकाळच्या गारव्यात उतार कधी संपतो कळतही नाही. दमल्याचं लक्षात येतं तेव्हा तुम्ही तळाशी असता, ऊन डोक्यावर आलेलं असतं, बाटलीत तळाला घोटभर पाणी उरलेलं असतं आणि चढ अजून सुरूच व्हायचा असतो. खोली साधारण १३७ मीटर, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस मजले. राजगड-तोरणा करणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे कष्ट उंचीचे नाहीत, वेळेचे आहेत. त्यामुळे बेत आखताना शेवटच्या तासापासून मागे मोजत यायचं. दहाच्या सुमाराला काठावर परत पोचायचं असेल तर नऊला तळ सोडायचा, आणि मग उजाडताच उतरायला लागण्यावाचून पर्याय नाही.

आता हे विवर आहे तरी कशाचं? आत ज्वालामुखीचा दगड दिसतो म्हणून ते ज्वालामुखीचं तोंड, अशी समजूत अजून ऐकू येते. समजूत अगदीच अडाणी नाही, कारण जाणकारांनीही ती बराच काळ बाळगली होती. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या सरोवराची नोंद केली. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिलबर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने लोणार आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातलं विवर यांच्यातलं साम्य दाखवलं. गंमत अशी की ॲरिझोनाचं ते विवरही त्याने उल्केचं न मानता जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचं मानलं होतं. अंधेरीच्या गिलबर्ट हिलला याच गिलबर्टचं नाव मिळालं असं सांगतात. लोणारचा निकाल १९७३ च्या सुमाराला लागला. इथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड धडकेच्या दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही. अवकाशातून आलेला पाषाण इथे आदळला, हे त्यावरून ठरलं.

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्ह्याच्या थरांवर उभा आहे. माहुलच्या मागची तुर्भ्याची टेकडीही त्याच अग्निजन्य खडकांच्या घराण्यातली. तरीही या राज्यात ज्वालामुखीचं म्हणावं असं मुख नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरत गेला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर खळगा, हे चित्र आपल्याकडचं नव्हे. विवरात उतरायची हौस इतरत्रही सहज भागत नाही. देशातला जागता ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तो बोटीतून लांबूनच पाहायचा. ॲरिझोनातही पर्यटकांना काठावरच फिरवतात, तळाशी जाऊ देत नाहीत. त्या मानाने लोणार उदार आहे. वनखात्याचं तिकीट काढा आणि उतरा.

गिलबर्ट हिल जाण्याआधी एकदा पाहून या. अंधेरी पश्चिमेला, इमारतींच्या दाटीत, सुमारे साठ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा सुळका आहे. वर गावदेवीचं मंदिर, तिथपर्यंत पायऱ्या. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याचे खांब पडतात, ते इथे उभे दिसतात. ही झाली शांतपणे थंड झालेल्या खडकाची तऱ्हा. त्याच जातीच्या खडकाला वरून दणका बसला की काय होतं, ते लोणारला पाहायचं.

जाण्याचे दोन रस्ते. रेल्वेने जायचं तर जालना गाठा. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस दादरला किंवा ठाण्याला पकडली की पहाटे जालना येतं. तिथून मंठामार्गे लोणार साधारण नव्वद किलोमीटर, एसटी किंवा खाजगी गाडीने. स्वतःची गाडी असेल तर पूर्व द्रुतगती मार्गाने ठाणे, पुढे भिवंडीजवळ आमणे, आणि तिथून समृद्धी महामार्ग. जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यामुळे इगतपुरीपर्यंतची जुनी रडकथा संपली. मेहकरला उतरलं की लोणार पंचवीस किलोमीटरच्या आत. दुचाकींना समृद्धीवर बंदी आहे, तेव्हा बुलेटवाल्यांनी जुना रस्ता धरावा. चारचाकीवाल्यांनी निघण्यापूर्वी टायर तपासून घ्यावेत. सरळसोट काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी हाकली की टायर तापतात आणि चालकाचे डोळे मिटायला लागतात. आठवडाभर काम करून शुक्रवारी रात्री अकराला स्टिअरिंगवर बसणं हा या सहलीतला सगळ्यात धोकादायक टप्पा आहे. माझं मत विचाराल तर रेल्वेनेच जा.

शनिवारी सकाळी गावात पोचल्यावर लगेच विवरात उतरायचा मोह होतो. तो टाळा. दुपार गावासाठी ठेवा. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. चालुक्य शैलीचं, बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या, आणि आत लवणासुराला मारणारा विष्णू. तिथे दीड तास सहज जातो. मोठ्या मारुतीचं मंदिर गावाबाहेर, अंबर तळ्याजवळ. आडव्या मारुतीच्या शिळेत चुंबकत्व असल्याचं तिथे आवर्जून सांगतात. अंबर तळं, म्हणजे छोटं लोणार, मोठ्या पाषाणापासून सुटलेल्या तुकड्याने झालं असं एक मत आहे, पण ते सगळ्यांना मान्य नाही. संध्याकाळी विवराच्या काठावर या. राहायला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, गावात लॉजही मिळतात. नवरात्रात विवरातल्या कमळजा देवीच्या यात्रेला गर्दी लोटते. तेव्हा जागा मिळत नाही आणि वाटेवर शांतताही नसते.

काठावर उभं राहून आधी थरांकडे बघा, पाणी नंतर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लाव्ह्याचे थर आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. लोणारच्या काठावर तेच थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कलंडलेले आहेत. धडक बसली तेव्हा जमीन आतून बाहेर ढकलली गेली, त्याची ही खूण. काठ भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच आहे, तोही त्यामुळेच. काठाबाहेरच्या शेतात जो चुरा-दगड आहे, त्यात विवरातून उडालेला बराच माल आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय किती, यावर वाद आहे. आधी सुमारे ५२ हजार वर्षं धरत, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास गेलं. ‘बसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर’ ही फुशारकी मात्र जरा हात राखून मारावी. ब्राझीलमध्येही बसाल्टमधली आघात-विवरं आहेत. लोणारचं वेगळेपण असं की ते अजून इतकं धडधाकट आहे, आणि म्हणूनच मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथे येतात.

रविवारी उजाडताच उतरा. एक वाट धारेकडून जाते, दुसरी एमटीडीसीच्या बाजूने रामगया मंदिराजवळून. पहिल्यांदा येणाऱ्याने स्थानिक वाटाड्या घ्यावाच. आत वाटा फुटतात आणि पाण्याची पातळी बदलली की काठाची वाटही बदलते. अलीकडच्या वर्षांत पाणी वर चढलं आहे, त्यामुळे जुन्या लेखांत वाचलेली ‘सरोवराला पूर्ण प्रदक्षिणा’ गृहीत धरू नका. त्या दिवशी कुठपर्यंत जाता येतं ते तिकीटघरावर विचारा आणि तेच प्रमाण माना.

वरून निम्मं उतरेपर्यंत झाडी चांगली दाट आहे. साग, चिंच, कडुनिंब, मोरांचे आवाज, वानरांच्या उड्या. खाली उतरावं तशी झाडी बदलते आणि पाण्याजवळ वेडी बाभूळ माजलेली दिसते. तिचे काटे पातळ तळव्याच्या बुटातून आरपार जातात. सँडल घालून आलेला माणूस इथे हमखास खाली बसलेला सापडतो. खाण्याचे पदार्थ पिशवीच्या तळाशी ठेवा, वानरांना प्लास्टिकचा आवाज पक्का ओळखता येतो. पडक्या मंदिरांत शिरण्याआधी छताकडे नजर टाका. आग्या मोहोळ असेल तर बोलणंही बंद, आणि अत्तर तर नकोच. हे अभयारण्य आहे. बिबट्याचा वावर असल्याचं गावात सांगतात. अंधार पडण्याआधी बाहेर यायचं, हा नियम त्यासाठीच.

तळाशी आल्यावर पहिल्यांदा वास येतो, सडक्या अंड्यासारखा. माहुलच्या वाऱ्यावर वाढलेल्या नाकाला तो फारसा अपरिचित वाटणार नाही, फक्त इथे कारखाना नाही. सरोवरातून बाहेर पडायला पाण्याला वाट नाही. झरे आणि पावसाचं पाणी आत येतं, उन्हाने वाफ होऊन जातं, क्षार तेवढे मागे राहतात. त्यामुळे पाणी खारं आणि शिवाय भरपूर अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. इथल्या क्षारांचा पूर्वी चांगला व्यापार चाले, पापडखार त्यातलाच. काच आणि साबण करायला इथला माल लागतो, असा उल्लेख अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतही आहे. मुलं बरोबर असतील तर घरून चिमूटभर हळद न्या. बाटलीच्या झाकणात सरोवराचं पाणी घेऊन त्यात हळद टाकली की ती लालसर होते. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, तीच किमया. पाणी परत सरोवरात ओतू नका.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातम्या आल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा कारण निघालं अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. हा रंग कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांचा. माहुल-शिवडीच्या चिखलात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पिसांतली लालीही त्याच गटातली. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. गुलाबी पाणी बघायला म्हणून मात्र जाऊ नका, ते दरवर्षी दिसत नाही. एरवी रंग शेवाळी हिरवा.

काठाचा चिखल फसवा आहे. वर वाळलेली पांढरी पापडी दिसते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. पाण्याच्या अगदी जवळ जायची गरजही नाही. कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत वाट मोकळी असेल तर तिथे बसा, पोहे-दशम्या काय असेल ते खा. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी असतं असं म्हणतात. पिण्यासाठी मात्र वरून आणलेलंच पाणी वापरा. माणशी तीन लिटर, त्यातलं निम्मं चढासाठी राखून. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी बरोबर असू द्या. वाडग्यासारख्या या खोलगट जागेत वारा फिरकत नाही. घाम वाळत नाही आणि तहान उशिरा लागते, म्हणून दर अर्ध्या तासाने दोन घोट घ्यायचे. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. निघताना निवासावर परतीची वेळ सांगून ठेवा.

ऋतूचं बोलायचं तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात विवर हिरवंगार असतं, पण वाटा निसरड्या आणि साप बाहेर. मार्चनंतर विवरात उतरू नये. बुलढाण्याचं ऊन बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातं आणि तळाला ते काळ्या दगडावरून परतून अंगावर येतं. कुणी विचारलं, ‘मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हा चालेल का?’ तर काठावरून पाहून या, उतरू नका.

दगड उचलायचे नाहीत. काळसर काचेचे बारीक मणी कुठे दिसलेच तरी नाहीत. अभयारण्यातून काहीही नेणं हा गुन्हा आहे, आणि ते मणी धडकेत वितळलेल्या खडकाचे असू शकतात. ड्रोनही घरीच ठेवा.

चढताना वाटेत धार लागली तर तिथे थांबा. गोमुखातून पडणारं पाणी थंड असतं आणि अंघोळीला सोय आहे. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर तिथे रांग लागते. अंघोळ आटोपून गावात जेवलात की दुपारी जालन्याची गाडी मिळते. मोटार असेल तर परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा येतं. जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहायला तासभर पुरतो, आणि पुढे अंधार पडायच्या आत समृद्धीचा निम्मा टप्पा उरकता येतो.