नोटेचा रंग आणि नोटेचा पोत

कापडाच्या दुकानात नवा मुलगा आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट शिकवतो : रंगावर जाऊ नकोस, कापड बोटांत धरून पाहा. गल्ल्यावर बसलो की हाच नियम आपण विसरतो.

एका सणाच्या संध्याकाळी आमच्या गल्ल्यात ३६० रुपये कमी भरले. दिव्याच्या उजेडात मुलाने दोनदा २० ऐवजी २०० ची नोट सुट्ट्यांत दिली होती. दोन्ही पिवळ्याच! चूक मुलाची नव्हती. त्याला फक्त रंग शिकवणाऱ्या आमची होती.

१९९६ पासून आलेल्या गांधीजींच्या नोटांची नजरेला सवय झाली होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि नवी मालिका सुरू झाली. ५०० ची नोट राखाडी झाली, मागे लाल किल्ला आला. २०१७ मध्ये २०० ची पिवळी (सांची) व ५० ची निळी (हंपी), २०१८ मध्ये १० ची तपकिरी (कोणार्क) व १०० ची फिकट जांभळी (राणी की वाव), तर २०१९ मध्ये २० ची हिरवट पिवळी (वेरूळ) आली. १० ते १०० च्या जुन्या नोटाही चालूच राहिल्या. म्हणजे एकाच किमतीला दोन रंग!

नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून आपल्या बोटांना तो परका नाही. नव्या नोटांची परीक्षा अशी करावी :

१) लांबी : २० ची नोट १२९ मिलिमीटर, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५० असते. २० व २०० एकावर एक ठेवल्या की फरक लगेच कळतो.

२) स्पर्श : दोन्ही कडांना उठावाच्या तिरप्या रेघा असतात. १०० वर चार, २०० वर चार व मध्ये दोन वर्तुळे, ५०० वर पाच.

३) धागा : १००, २०० व ५०० ची नोट कलती करावी. हिरवा धागा निळा दिसला पाहिजे.

४) उजेड : नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा व किमतीचा आकडा दिसतो.

५) छपाई : मागे पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. मराठी आठवी, उर्दू शेवटची. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांची नजर आपसूक शेवटच्या ओळीवर जाते. अक्षरे फुटलेली दिसली तर बाकीच्या खुणा पुन्हा तपासाव्यात.

रंगाची नक्कल यंत्र सहज करते. या सगळ्या खुणा एकत्र जमवणे कठीण असते.

एवढे करूनही खोटी नोट आलीच तर? बँक ती शिक्का मारून ठेवून घेते, पावती देते, पैसे देत नाही. नुकसान आपले. पण जाणूनबुजून ती पुढे चालवणे हा गुन्हा आहे. शिवाय ती जाईल कुठे? आठवड्याच्या हिशेबात एखाद्या कारागिराच्या हातात. आपले पाचशे वाचवताना त्याच्या घरची मजुरी बुडते.

म्हणून घेताना तपासा आणि देतानाही तपासा.