पोर्टफोलिओत काय ठेवू?

प्रश्न : मी कोल्हापुरात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बिहान्स या पोर्टफोलिओच्या संकेतस्थळावर पन्नासेक कामं टाकली, पण कुणी विचारत नाही. स्वतःची जाहिरात कशी करू?

उत्तर : आधी त्यातली चाळीस कामं काढून टाका. कामं निवडणाऱ्याच्या लक्षात बहुधा सर्वांत कच्चं कामच राहतं. उरलेल्यांत अडचण काय होती, कच्ची रेखाटनं आणि कोणता पर्याय का सोडलात, तेही दाखवा. काल्पनिक कॅफेचे लोगो सगळ्यांकडे असतात. गुळाच्या व्यापाऱ्यासाठी केलेलं, खरोखर छापून बाजारात गेलेलं वेष्टन वेगळं उठून दिसतं. (ते फुकट करू नका, थोडे तरी पैसे घ्या.)

तुमचं खरं भांडवल मात्र देवनागरी अक्षरं आहेत. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकाक्षरांतून स्वतःची ओळख उभी केली. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो. त्यातली जोडाक्षरं, वेलांट्या बारकाईनं अभ्यासा आणि स्वतःची अक्षरं रेखाटून इन्स्टाग्रामवर नियमित टाका.

स्टुडिओंना एकच ईमेल सरसकट धाडू नका. त्यांचं कोणतं काम का आवडलं, ते दोन ओळींत लिहून छोटी पीडीएफ जोडा. गटात केलेल्या कामात तुमचा वाटा स्पष्ट नोंदवा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.