कामाचे व पदभ्रमणाचे बूट : निवड आणि निगा

पायांकडे मनुष्याचे लक्ष जाते ते बहुधा ते दुखू लागल्यावर. शेतावर, खाणीत, बांधकामावर किंवा जंगलाच्या वाटेवर दिवसभर वावरणाऱ्या माणसाचे मात्र सारे काम पायांवरच अवलंबून असते. टाचेला आलेला एक फोड वनरक्षकाची गस्त थांबवतो; बोटांवर पडलेला दगड मजुराची कित्येक दिवसांची मजुरी बुडवतो. असे असूनही बूट विकत घेताना पाहिली जाते ती त्याची जाडी, चकाकी आणि किंमत. जड व ताठ बूट टिकाऊ, तर मऊ बूट सुखावह, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धवटच खरी आहे. बूट पायाला, कामाला आणि जमिनीला अनुरूप असेल तरच तो सुख देतो व टिकतो. जो पायाला जुळत नाही तो कितीही मजबूत असला तरी लवकरच कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून बुटाची परीक्षा पायापासून आरंभ करून बाहेरच्या दिशेने करावी.

पायाचे माप

प्रत्येक पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. उभे राहिल्यावर शरीराच्या भाराने पावलाची कमान किंचित दबते आणि पाऊल थोडे लांब व रुंद होते. दिवसभराच्या चालण्याने त्यास थोडी सूजही येते. यास्तव माप उभे राहून आणि शक्य तो सायंकाळी घ्यावे. बहुतेकांची दोन पावले तंतोतंत सारखी नसतात. त्यांपैकी मोठ्या पावलाला बसेल असा बूट निवडावा. कामावर जे मोजे वापरावयाचे तेच घालून बूट पायात चढवावा.

माप म्हणजे केवळ लांबी नव्हे. बूट ज्या साच्यावर घडविला जातो त्यास कलबूत म्हणतात. निरनिराळ्या कारखान्यांचे कलबूत निरनिराळ्या आकारांचे असल्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन बूट सारखे बसतीलच असे नाही. भारतात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जन्मभर अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा बूट वापरणाऱ्यांच्या चवड्यापेक्षा रुंद असतो, असे दक्षिण भारतातील व्यक्तींच्या पावलांच्या मोजणीवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अशा पावलाला चिंचोळा बूट बसत नाही आणि पुष्कळजण नाइलाजाने एक क्रमांक मोठा बूट घेतात. त्यामुळे रुंदी मिळते, पण टाच सैल पडते. त्यापेक्षा रुंद कलबुतावरील बूट शोधणे श्रेयस्कर.

दुकानात पुढील चार गोष्टी पाहाव्यात. नाड्या सैल सोडून पाऊल पुढे सरकवल्यास टाचेमागे एक बोट जावे. पाऊल टाकताना बूट जेथे दुमडतो ती रेषा चवड्याच्या सांध्याखालीच यावी. चालताना टाच किंचित उचलली तर चालेल, पण बुटात वरखाली घासू नये. शेवटी, नाड्या बांधून एखाद्या उतारावरून खाली चालावे. बोटे पुढे आपटत असतील तर तो बूट घेऊ नये. डोंगर उतरताना अंगठ्याचे नख काळे पडते ते याच दोषामुळे.

फोड का येतो?

फोड केवळ कातडे कडक असल्यामुळे येतो असे नव्हे. त्वचेचा वरचा थर बुटाबरोबर एका दिशेस ओढला जातो आणि आतील हाड दुसऱ्या दिशेस सरकते. ही ओढाताण शेकडो वेळा झाली म्हणजे त्वचेचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात व त्या पोकळीत द्रव साठतो. दमट त्वचेवर घर्षण वाढते. म्हणून घाम येणाऱ्या पायाला फोड लवकर येतात. सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. लोकरीचा किंवा लोकर व कृत्रिम धागा यांच्या मिश्रणाचा मोजा लांबच्या चालीस अधिक योग्य होय. थंड प्रदेशात घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबणे मात्र घातक आहे. पावलाचा रक्तप्रवाह दबतो आणि पाय उबदार राहण्याऐवजी गारठतात. हिमदंशाचा धोकाही वाढतो.

कातडे

कच्चे कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट वीण होय. ती कुजू नये म्हणून कातडे कमवावे लागते. हिरडा, बाभळीची साल व तरवडाची साल यांनी कातडे कमावण्याची पद्धत भारतात दीर्घकाळ चालत आली आहे. असे कातडे भरीव असते आणि वापराने पावलाचा आकार धारण करते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे अधिक लवचीक असते व उष्णताही अधिक सोसते. बुटाच्या वरच्या भागासाठी आज बहुधा तेच वापरतात. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ साली स्थापन झाली असून कातडी कमावण्याच्या अशा प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास तेथे केला जातो.

जाड कातड्याचे आडवे थर काढता येतात. केसांच्या बाजूचा थर सर्वांत मजबूत असतो. खालच्या थरावर प्लॅस्टिकचा मुलामा देऊन त्यास वरच्या थराचे रूप दिले जाते. दुकानात दोन्ही सारखेच चमकतात. म्हणून बूट किंचित दुमडून पाहावा. चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात व पुष्कळशा परत मिटतात. मुलाम्याच्या कातड्यावर जाड घडी पडते आणि कालांतराने तेथेच पापुद्रा सुटतो. वरच्या भागात शिवणी जितक्या कमी, तितक्या पाणी शिरण्याच्या व उसवण्याच्या जागा कमी.

तळ आणि जोड

१९३५ साली इटलीतील पुंता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. खडकावर चढण्यास सोयीचे हलके बूट त्यांच्या पायांत होते. हवामान एकाएकी पालटल्यावर बर्फात ते निरुपयोगी ठरले. या दुर्घटनेनंतर त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. आज जगभर दिसणारे खाचांचे तळ याच कल्पनेचे वंशज होत. एका जमिनीसाठी उत्तम असलेला बूट दुसऱ्या जमिनीवर घात करू शकतो, हा या घटनेचा बोध होय.

चिखलात खोल व विरळ खाचा हव्यात, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. सह्याद्रीतील ओल्या, शेवाळलेल्या कातळावर खाचांच्या खोलीपेक्षा रबराचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो. अर्थात मऊ रबर लवकर झिजते. ही देवघेव स्वीकारूनच निवड करावी लागते.

तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे, यावर बुटाचे आयुष्य बरेचसे ठरते. कातडी पट्टीच्या आधाराने शिवलेला तळ झिजला तर कुशल चर्मकार तो बदलून देऊ शकतो. केवळ चिकटवलेला तळ हलका व स्वस्त असतो, परंतु सतत भिजल्याने त्याची कड सुटते. तेव्हा पुष्कळजण त्यावर बाजूने शिलाई घालून घेतात. उपाय चांगला आहे. मात्र आरीच्या छिद्रांतून पाणी आत येते, हे ध्यानात ठेवावे. पॉलियुरेथेनच्या मऊ तळाचा आणखी एक दोष आहे. उष्ण व दमट हवेत काही वर्षे नुसता ठेवला तरी हा पदार्थ पाण्याच्या अंशाने विघटित होतो आणि नवा दिसणारा बूट पहिल्याच चालीत भुगा होऊन गळतो. दीर्घकाळ ठेवलेला बूट दूरच्या प्रवासास नेण्यापूर्वी तळ अंगठ्याने दाबून पाहावा आणि घराजवळ एकदा चालून यावे.

वजन, पाणी आणि संकटे

पायात घातलेले वजन पाठीवरील तितक्याच वजनापेक्षा सुमारे चार ते सहा पट अधिक श्रम घडविते, असे १९६९ सालच्या प्रयोगांत आढळले. म्हणून गरजेपेक्षा जड बूट घेऊ नये. परंतु जेथे वजनदार वस्तू पडण्याचा धोका आहे तेथे बोटांवर टोपी असलेला संरक्षक बूटच हवा. भारतीय मानक आय. एस. १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार ही टोपी २०० जूलचा आघात सोसणारी असावी लागते. सुमारे २० किलोग्रॅमचा भार एक मीटर उंचीवरून पडल्याइतका हा आघात असतो.

जलरोधक पडद्याचे बूट थंड व कोरड्या हवेत घामाची वाफ बाहेर सोडतात. कोकणच्या पावसाळ्यात मात्र बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. त्यामुळे वाफ बाहेर जाण्यास वाव राहत नाही. शिवाय घोट्यावरून आत शिरलेले पाणी तसेच साचून राहते. अशा ठिकाणी पाणी चटकन निथळेल असा हलका बूट बरा.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून निम्मे पावसाळ्यातील आहेत. दंश बहुधा पायालाच होतो. म्हणून गवतातून चालताना घोटा झाकणारा बूट, लांब व सैल पाटलोण आणि अंधारात विजेरी यांचा उपयोग मोठा आहे. भातलावणीच्या चिखलात बूट रुततो, त्यामुळे तेथे तो वापरणे कठीण. परंतु बांधावर व घरी परतताना तो जरूर वापरावा.

निगा

नवा कातडी बूट प्रथम काही दिवस थोडा थोडा वेळ घरीच वापरावा. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. ओल्या कातड्यास उष्णता लागली की तंतू आखडतात व कातडे तडकते. आतील सोलतळ काढून बुटात जुनी वर्तमानपत्रे भरावीत आणि ती ओली होताच बदलावीत. सावलीत, वाऱ्यावर बूट सावकाश सुकतो. दोन जोड आलटूनपालटून वापरल्यास दोन्ही अधिक काळ टिकतात. सुकलेल्या कातड्यास मेण बेताने लावावे. सकाळी बूट घालण्यापूर्वी तो झटकावा. आत विंचू असू शकतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांनी बुटाच्या आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही याची खात्री करावी, कारण त्यांना वेदनेची सूचना मिळत नाही.

बूट पुढे सैल होईल, या आश्वासनावर दुखणारा बूट कधीही घेऊ नये. कातडे थोडे मऊ होते. परंतु आखूड बूट लांब होत नाही. दुकानात घालवलेला अर्धा तास पुढील अनेक महिन्यांच्या वाटचालीत भरून निघतो.