आधी दोन अक्षरी, मग बाकीचं

पोरी, स्क्रॅबलच्या स्पर्धेला जायचं ठरवलंस ना, मग शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करायचा नाद सोड. तसं करणारे बहुतेक जण ‘बी’पर्यंतही पोचत नाहीत. या खेळात शब्द लक्षात ठेवायचा तो त्याची लांबी किती आणि त्यात अक्षरं कोणती, यावर. अर्थाची चौकशी नंतर, सवड मिळाली तर. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंचमध्ये धड बोलताही येत नव्हतं. नुसती यादी घोकून बसला होता. तू निदान इंग्रजी शाळेत तरी गेली आहेस.

सुरुवात दोन अक्षरी शब्दांपासून. अमेरिका-कॅनडात यादी वेगळी आहे, आपण कॉलिन्सची धरायची. त्यात असे शब्द सव्वाशेच्या घरात आहेत. सगळे तोंडपाठ हवेत, अर्धेमुर्धे नकोत. कारण मोठा शब्द आधीच्या शब्दाला चिकटून, समांतर लावला की प्रत्येक उभ्या जोडीचा आपोआप दोन अक्षरी शब्द होतो आणि त्याचे गुण वेगळे मिळतात. नवखी माणसं मोकळी जागा शोधत बसतात, मुरलेली माणसं गर्दीत घुसतात.

त्यातही एक्सचे पाच आधी घे: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. शेवटचे दोन विचित्र वाटतील; एक ग्रीक अक्षर, दुसरं व्हिएतनामचं सुटं नाणं. एक्सला ८ गुण. अक्षराचे गुण तिप्पट करणारे १२ चौकोन बोर्डावर असतात. तिथे एक्स असा ठेव की आडवा आणि उभा दोन्ही शब्द होतील. नुसत्या एक्सचेच २४ आणि २४ मिळतात. झेडसाठी झेड-ए आणि झेड-ओ, जेसाठी जे-ए आणि जे-ओ. व्हीचा मात्र दोन अक्षरी शब्दच नाही, एकही नाही. म्हणून व्ही ठेवलास की त्याच्या शेजारी समांतर शब्द लावणं कुणालाच सोपं जात नाही. पुढे असशील तेव्हा मुद्दाम ठेव, मागे असशील तेव्हा जपून.

क्यूला सगळे घाबरतात, कारण शाळेत शिकवलेलं असतं की क्यूमागे यू हवाच. इथे तो नियम विसर. क्यू-आय हा चिनी शब्द, म्हणजे प्राणशक्ती, तुला पाहिजे तेव्हा वाचवेल. तीन अक्षरी क्यू-ए-टी आहेच. शिवाय आपल्याला एक सोय आहे जी लंडनच्या पोराला नाही. फकीर, तलाक, निकाब, वक्फ हे शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. कॉलिन्समध्ये ते क्यू घालून लिहिलेले आहेत आणि एकाच्याही क्यूमागे यू नाही. तसंच स्वयंपाकघरातलं. डाळ तर तीन तऱ्हांनी चालते: डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल. पूजा, खादी, लाठी, लाख, साडी, सगळं आहे. पूजेला १३ गुण, खादीलाही १३. पण स्पेलिंग त्यांचं, आपलं नाही. लग्नपत्रिकेवर छापतात तसं लावून चालणार नाही. प्रत्येक शब्द यादीत बघूनच ठेवायचा.

आता सात अक्षरी. सातही टाइल एका डावात लावल्या की वर ५० गुण मिळतात, आणि स्पर्धा बहुतेक वेळा तिथेच जिंकली जाते. हजारो शब्द आहेत, म्हणून घाबरू नकोस. सहा अक्षरांचा एक गठ्ठा धर आणि सातवं बदलत जा. माझा आवडता गठ्ठा रेटिना. त्यात जी मिळवला की ग्रॅनाइट, टीअरिंग, इनग्रेट. सी मिळवला की सर्टन. पी आला तर पेंटर आणि पर्टेन, एम आला तर मिनरेट, के आला तर केराटिन, एस आला तर रिटेन्स, नॅस्टियर आणि आणखी बरेच. पाठ करायला कार्डं कर; प्रश्नाच्या बाजूला ती सात अक्षरं वर्णानुक्रमाने लिही आणि उत्तराच्या बाजूला शब्द. रोज थोडे कर. रॅकवर अक्षरं शब्दाच्या रूपात येत नाहीत, पसाऱ्याच्या रूपात येतात. डोळ्याला सवय पसाऱ्याची हवी. बाकी कुठलंही पाठांतर यापुढे फिकं आहे असं माझं मत आहे, तुझ्या बाबाला पटत नाही ते सोड.

एस जपून वापर. अमेरिकन वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स मंदीत बेकार झाला, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून या खेळाचं गणित बसवलं. १०० टाइलमध्ये त्याने ई १२ ठेवले, पण एस फक्त चार, कारण अनेकवचनाने खेळ फार सोपा झाला असता. म्हणून चार-पाच गुणांसाठी एस उधळायचा नाही. कोरी टाइल तर त्याहून मोलाची. पन्नाशीची आशा असेपर्यंत हातातच राहू दे.

रॅकवर नुसते स्वर साचले तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई खपव. नुसती व्यंजनं साचली तर एच-एम, एस-एच, बी-आर-आर. सी-डब्ल्यू-एम हाही चालतो. वेल्श भाषेतली दरी, एव्हरेस्टच्या वाटेवर वेस्टर्न कूम आहे तोच.

समोरचा तुझ्या शब्दाला आव्हान देऊ शकतो, पण अर्थ विचारू शकत नाही. तेव्हा ठेवताना चेहरा सरळ ठेव आणि शब्द मोठ्याने समजावून सांगू नकोस. तुला ती खोड आहे.

आणि पिशवी संपत आली की क्यू हातात ठेवून बसायचं नाही. समोरच्याच्या टाइल आधी संपल्या तर तुझ्या उरलेल्या टाइलच्या दुप्पट गुण त्याला जातात, म्हणजे एकट्या क्यूचे वीस. पिशवीत सात-आठ टाइल राहिल्या असताना तुझ्याकडे क्यू असेल तर एक आय बाजूला राखून ठेव, आणि बोर्डावर क्यू-आय कुठे बसेल ती जागा आधीच हेरून ठेव.