कारखान्याला निघण्याआधी जोडीने उपकेंद्रात या



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज, सगळीकडून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको वेगळे नसतात. दोघे मिळून एक कोयता. उचल दोघांवर, खाडाही दोघांवर. मग पाळणा लांबवायचा की थांबवायचा, याचा घोर एकट्या बाईनेच का करावा? हे पत्रक म्हणून दोघांसाठी आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या मुलाने वाचून दाखवावे.

मी गावोगाव बायकांच्या बैठका घेते. एका तांड्यावर सत्तावीस वर्षांची एक ताई भेटली. अंगावरून पांढरे जायचे, पाळीत रक्त जास्त जायचे. खासगी दवाखान्यात सांगितले, "पिशवी सडली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल." मुकादमाकडून जादा उचल घेऊन तिने पिशवी काढून घेतली. ती मला म्हणाली, "बाई, मला वाटलं पाळीची कटकट गेली, लेकरांची भीती गेली, खाडा पडायचा नाही." आता तिची कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, मोळी उचलवत नाही. ऑपरेशनसाठी घेतलेली उचल मात्र तीन हंगाम फिटली नाही.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याच साली जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे करण्यात आले. पिशवी काढणे हे कुटुंब नियोजन नव्हे. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या-औषधांचा इलाज असतो, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतो. काही वेळा नवऱ्यालाही तेच औषध घ्यावे लागते, नाहीतर दुखणे परत येते. कोणी पिशवी काढायला सांगितली तर आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्याजवळ काय काय आहे ते पाहू. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगराळ भागात तीन हजाराला. तिथे नर्सबाई असतात, अनेक ठिकाणी आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय. हे सगळे तुमच्या पैशावर चालते, तेव्हा तिथे जायला संकोच कशाचा? संकोच असतो तो वेगळाच, हे मला ठाऊक आहे. आशाताई भावकीतली असते, तिच्याकडे निरोध किंवा गोळ्या मागायच्या म्हणजे गावभर होईल असे वाटते. तसे वाटत असेल तर सरळ उपकेंद्रात जा, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

कोणते साधन घ्यायचे, हे हंगाम डोळ्यांपुढे ठेवून ठरवा. फडात पहाटेपासून काम, कोपीत आडोसा नाही, पाणी लांब. अशा ठिकाणी रोजची गोळी चुकते. तिथे तांबी सोयीची. एकदा बसवली की प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे चालते, आणि मूल हवे तेव्हा काढता येते. बाळंतपण दवाखान्यात झाले तर ४८ तासांच्या आतही बसवून घेता येते. पण अंगावरून घाण वासाचे जात असेल तर आधी उपचार, मग तांबी.

अंतरा नावाचे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे. निघताना ऑक्टोबरात घेतले तर पुढचे जानेवारीत येते, म्हणजे ऐन तोडीत. तेव्हा त्याचे कार्ड सोबत न्या. जिथे असाल तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात ते दाखवून पुढचे इंजेक्शन घ्या. तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत चालते. या इंजेक्शनाने पाळी मागेपुढे होते, कधी येतच नाही. रक्त आत साठते ही समजूत खोटी आहे. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला मात्र काही महिने जास्त लागू शकतात, हे आधी समजून घ्या.

छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्याला एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. मूल अंगावर पिते म्हणजे दिवस राहत नाहीत, या भरवशावर राहू नका. मूल सहा महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही आणि बाळाला वरचे काहीही देत नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच तो आधार. फडात मूल कोपीत ठेवून आई कामावर गेली, त्याला वरचे दूध दिले, की तो आधार गेला.

आता दादांनो, तुमच्याकडे वळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पुरुषाची अवघ्या ०.३ टक्क्यांत. खरे तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस आराम, जड काम आठवड्याने. ताकद कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची. म्हणजे आषाढी करून आल्यावर केली तर दसऱ्याला गाडीत बसेपर्यंत तीन महिने भरले. बाईची शस्त्रक्रियाही पावसाळ्यातच उरकावी. टाके ओले असताना मोळी डोक्यावर घेणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे.

१९७६ सालच्या सक्तीच्या आठवणी म्हातारी माणसे अजून सांगतात. तसे आता काही नाही. कोणीही जबरदस्ती करू शकत नाही, सही तुमच्या मर्जीनेच. शस्त्रक्रियेचा दाखला जपून ठेवा. क्वचित शस्त्रक्रिया फसते. पाळी चुकली तर लगेच दाखवा, नुकसानभरपाईचा अर्ज मुदतीत करावा लागतो.

नको असताना दिवस राहिलेच तर मेडिकलमधून गोळी आणून खाऊ नका. १९७१ च्या कायद्याने गर्भपात मान्य आहे, साधन फसले हे कारणही त्यात बसते. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. सरकारी रुग्णालयात लवकर जा, जितके लवकर तितके सोपे. संबंध आला आणि निरोध फाटला तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळीही आशाताईकडे असते.

पोटुशी असताना फडावर जावेच लागले तर माता-बाल कार्ड घरी उत्तरंडीत ठेवून जाऊ नका. ते दाखवले की तिथल्या आरोग्य केंद्रात तपासणी आणि लस, अंगणवाडीत आहार मागता येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची डॉक्टरांकडून तपासणी असते. बाळंतपण, सिझर, रक्त, औषध, जेवण सरकारी रुग्णालयात मोफत. नेण्या-आणण्याला १०२ गाडी, अचानक काही झाले तर १०८. मुकादमाचा ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत थांबू नका. पहिल्या बाळाच्या वेळी मातृवंदना योजनेचे पाच हजार दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. आईचे बँक खाते लागते.

शाळेतली मुले मागे ठेवायची असतील तर वसतिगृहाची चौकशी मुख्याध्यापकांकडे आणि समाजकल्याण कार्यालयात करा. ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र ग्रामसेवकाकडे निघते. ही कामे निघायच्या आदल्या दिवशी होत नाहीत.

येताना दोघांची आधार कार्डे, माता-बाल कार्ड आणि बँकेचे पासबुक आणा. सासूबाई आल्या तरी चालतील. आणि मुकादमाकडून उचल घेण्याआधी या, नंतर नको.