गाडीतळावरून दिसलेला इतिहास

हडपसरच्या गाडीतळाजवळ आमचं तीस वर्षांचं बिऱ्हाड. सुट्टी मिळाली की पुणे जिल्हा पालथा घालायचा, हा माझा नेम. या भटकंतीत उमगलेल्या चार गोष्टी सांगतो.

१. सुरुवात उंबऱ्यापासून करावी.
हडपसरला कसला आलाय इतिहास, असंच मी धरून चाललो होतो. मग वाचनात आलं, की २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, याच परिसरात यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली. दुसरे बाजीराव पुणं सोडून गेले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह करून बसले. मराठी राज्याला उतरती कळा लावणारी लढाई माझ्या रोजच्या वाटेवर झाली होती. तेव्हापासून कुठल्याही गावाला मी रिकामं समजत नाही.

२. पेशवाईच्या मागे जावं.
राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्यविषय’ आणि ‘पूनकविषय’ ही नावं येतात. विषय म्हणजे जिल्ह्यासारखा मुलूख. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं त्याच शतकातलं. आणखी मागे जायचं, तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं सातू पिकवत होती. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात त्यांची घरं सापडली.

३. राजांच्या जोडीनं दात्यांचीही नावं वाचावीत.
कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर आणि दारांशी ब्राह्मीत कोरलेली नावं आहेत. धेनुकाकट गावचे यवन, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, सामी नावाचा सुतार. वर पाहावं, तर छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं जागच्या जागी. त्याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ. कोळी बायका ओटी भरतात, शेजारी स्तूप उभा असतो. धर्म इथे एकमेकांच्या अंगणात राहत आले. हे मी पुस्तकात बरेचदा वाचलं होतं, पटलं मात्र तिथे उभं राहिल्यावर.

४. सत्ता जाते, वाट राहते.
नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात टाकत, असं सांगतात. सातवाहन गेले, घाटातली पायवाट अजून चढता येते.

आमचा गाडीतळही तसाच. ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या इथवर येतात. मग ज्ञानोबांची दिवेघाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरला जाते. होळकरांचे घोडे जिथे उधळले, त्या गावात आम्ही वारकऱ्यांना पाणी देतो. एकदा एका माउलींचा तांब्या भरून दिला, तर त्यांनी वाकून माझ्याच पायाला हात लावला. या भूमीत इतक्या राजवटींनंतर काय टिकलं, ते मला त्या वाकण्यात दिसलं.