पिकांची मुळे आणि मातीतील विषे
(सामान्य विज्ञान : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी पाठाची रूपरेषा)

उद्देश : जमिनीत मुरलेली कीटकनाशके पिकात कशी शिरतात व तेथे त्यांचे काय होते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

शब्दाचा खुलासा : ‘सेंद्रिय’ म्हटले की मुलांना शेणखत आठवते. रसायनशास्त्रात मात्र कार्बनच्या संयुगांना ही संज्ञा आहे. त्या अर्थाने डीडीटी हेही सेंद्रिय द्रव्यच होय. हा भेद आरंभीच स्पष्ट करावा.

विवेचन : कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक व ग्वाडेलूप ही फ्रान्सच्या ताब्यातील दोन बेटे आहेत. तेथील केळीच्या बागांत कंद पोखरणाऱ्या सोंडकिडीवर १९७२ पासून १९९३ पर्यंत क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. कीड मेली, विष मात्र मातीतच राहिले. ते सहसा कुजत नाही व पाण्यात फारसे विरघळत नाही. पुढे झालेल्या तपासणीत तेथील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते आढळले.

नवल असे की, ज्या केळीसाठी विष घातले त्या केळीच्या फळात ते जवळजवळ पोहोचत नाही. टोमॅटो व मिरचीचेही तसेच. रताळी, कोनफळ व अळकुड्या यांत मात्र ते उतरते, कारण हे भाग मातीतच वाढतात व त्यांच्या सालीला विष चिकटते. झाडातून वर चढणारा रस पाण्याचा असतो. पाण्यात न विरघळणारे द्रव्य त्याबरोबर दूर जात नाही. काकडी-भोपळ्याचा वर्ग यास काहीसा अपवाद आहे. त्यांच्या वेलीत अशी द्रव्ये काही प्रमाणात वर चढतात.

पाण्यात विरघळणारी द्रव्ये मुळांवाटे पानांपर्यंत जातात. वनस्पतीला मलमूत्राची वाट नसते. म्हणून ती विषाचे रूप पालटते, त्याला स्वतःच्या पदार्थाची जोड देते आणि पेशीतील रिक्तिकेत किंवा पेशीभित्तिकेत ते साठवते. ॲट्राझीन या तणनाशकाला मका ग्लुटाथायोनची जोड देऊन निष्प्रभ करतो. अनेक तणांना हे तितक्या वेगाने साधत नाही. म्हणूनच तण मरते व मका तरतो. क्लोरडेकोनसारख्या द्रव्यापुढे मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

प्रयोग : एका बाटलीत पाणी, थोडे गोडेतेल व चिमूटभर हळद घालून हलवावे व बाटली स्थिर ठेवावी. तेलाचा थर पिवळा होतो. हळदीचा रंग जसा तेलाकडे ओढला जातो, तशीच ही विषे मातीतील कुजलेल्या पालापाचोळ्याकडे व मुळांच्या सालीकडे ओढली जातात. दुसऱ्या पेल्यात रंगीत पाणी घालून त्यात निशिगंधाची दांडी उभी करावी. फुलांत चढलेला रंग विरघळणाऱ्या द्रव्याची वाट दाखवतो.

बोध : भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली व बीएचसीचा १९९७ साली बंद झाला. परंतु बंदीने मातीतील शिल्लक नाहीशी होत नाही. त्या बेटांवरील शेतकरी आता आधी माती तपासून घेतो व मग कंद लावावा की फळभाजी, हे ठरवतो. शेतात टाकलेली वस्तू शेतातच संपते, असे मानणे चुकीचे आहे.

प्रश्न : (१) केळीचे फळ सुरक्षित असताना रताळे का नाही? (२) मका तणनाशकातून कसा तरतो? (३) आपल्या गावात जमिनीखाली येणारी पिके कोणती? त्यांची यादी करा.